बाणकाकांची हरणं

रस्ते खात्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे बाणकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट वाचत बसायला वेळ कुणाला आहे. नाव पडलं ते रस्त्यावरच्या पाट्यांमुळे. डावीकडे वळण, उजवीकडे वळण, पुढे चढ, एकेरी वाहतूक, असले बाण काकांनी एकतीस वर्षांत इतके रंगवले होते की ते सगळे मानून कुणी चालत सुटला असता तर पृथ्वीला फेरी घालून घरी जेवायला आला असता. हातानं मारलेली त्यांची रेघ एवढी सरळ असे की नवीन माणसं मुद्दाम फूटपट्टी लावून बघत. "फूटपट्टी वाकडी निघाली की मला परत आणून द्या," असं स्टोअरकीपर त्यांना आधीच बजावून ठेवी.

माणूसही त्यांच्या बाणासारखाच होता. नाकासमोर चालणारा. सकाळी नऊला वर्कशॉप, संध्याकाळी सहाला घर, अंगाला टर्पेंटाइनचा वास, नखांत पिवळा रंग. मात्र जिवंत म्हणून जे काही असतं ते त्यांनी जन्मात कधी रंगवलं नव्हतं. शाळेजवळच्या पाटीवरची दोन मुलं आणि रस्ता ओलांडणारा माणूस यांचे कापलेले साचे आयते येत. साचा पत्र्यावर ठेवायचा, ब्रश फिरवायचा, उचलायचा. त्यात काकांचं म्हणून काही नसे, आणि काकांना त्याची खंतही नव्हती.

मग जंगलातला रस्ता रुंद झाला. गावापासून पलीकडच्या मोठ्या इस्पितळापर्यंतचा हा अकरा किलोमीटरचा रस्ता. पूर्वी तो इतका खडबडीत होता की गाड्या आपोआप हळू जात. रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि वर्षभरात चौदा हरणं गाड्यांखाली आली. एका मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. वरून हुकूम निघाला, हरणाच्या आठ पाट्या लावा.

इंजिनिअर मॅडम काकांकडे आल्या. वयानं काकांच्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख.

"काका, साचा यायला तीन महिने लागतील. तोवर दोन पाट्या तुम्हीच हातानं काढून द्या."

"हरीण?"

"हरीणच. चार पाय, दोन शिंगं. तुम्हाला काय अवघड आहे?"

स्टोअरकीपर रंगाचे डबे मोजत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बाणच हरणावर चालून जाणार म्हटल्यावर हरणाची काही धडगत नाही."

काकांनी दोन दिवस खपून हरीण काढलं. पिवळ्या पत्र्यावर काळं. शिंगं मागे वळलेली, साधी, दोन. शेपूट लांब, टोकाला झुबका, कारण जनावर म्हटलं की शेपूट हवं असं त्यांना वाटलं. पोटाची रेघ पहिल्याच फटक्याला जरा खाली गेली, म्हणून तोल साधायला त्यांनी पाय जाड केले. जंगलाच्या दोन्ही टोकांना एकेक पाटी उभी राहिली.

आठव्या दिवशी वर्कशॉपच्या फाटकाशी एक ट्रकवाला थांबला. त्यानं काकांनाच विचारलं, "अहो, ते पुढे बोकडांचा बाजार भरतो तो कुठल्या वारी असतो?"

"बोकडांचा?"

"पाटी लावलीय ना मोठी. म्हटलं, येताना एखादा घेऊन यावा."

तो थट्टा करत असता तर काकांनी दोन शब्द सुनावले असते. पण माणूस अगदी मनापासून विचारत होता. काका आत आले. दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या वर्कशॉपभर झाली, आणि संध्याकाळी निघताना कुणीतरी मागून हळूच 'बें' केलं.

घरी काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकू त्या पलीकडच्या इस्पितळाच्या धुलाई विभागात होत्या. एकोणीस वर्षं रोज शे-दोनशे चादरींच्या घड्या घालून त्यांच्या हाताला अशी सवय लागली होती की जेवून उठताना त्या समोरचं वर्तमानपत्रही चार पदरी घडी घालून ठेवत. रोज पहाटे साडेपाचला इस्पितळाची गाडी यायची, त्या गाडीतून जंगलातल्या रस्त्यानं जायचं आणि दुपारी त्याच रस्त्यानं यायचं.

काका पायातले बूट न काढताच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तू बघितलीस का गं ती पाटी?"

"बघितली."

"कधी?"

"लागली त्याच दिवशी."

"मग काही बोलली नाहीस."

काकूंनी हातातल्या सदऱ्याची बाही दुमडली. "तुम्ही एवढं मन लावून काढलेलं. म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू."

"आता विचारतोय."

काकूंनी सदरा बाजूला ठेवला आणि अगदी जपून, दुखऱ्या जागी हात लावावा तसं सुरू केलं. शेपूट एवढं नसतं, वीतभर असतं, आणि त्याच्या खाली पांढरा डाग असतो. पळताना तो डागच तेवढा दिसतो, पुढच्याच्या डागावर नजर ठेवून मागचा पळतो. पाय काठीसारखे बारीक. मान लांब. कान शिंगांच्या खाली, आडवे, सतत हलते. आणि शिंगं अशी बोकडासारखी नसतात, झाडाच्या फांदीसारखी असतात, फाटे फुटलेली. ती फक्त नरांना. "आणि सध्या तर," त्या म्हणाल्या, "कुणालाच नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"पडली की. थंडी सरली की दरवर्षी पडतात. थोरल्यांचं एक गेल्या सोमवारी पडलं. चार दिवस बिचारे एकाच शिंगावर मान कलती करून हिंडत होते. शुक्रवारी दुसरं गेलं."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. अठ्ठावीस वर्षांचा संसार. या बाईला भाजीत मीठ किती लागतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, कुठल्या नणंदेचा राग आहे, सगळं त्यांना ठाऊक होतं. आणि आता ही कुणा थोरल्यांविषयी बोलत होती.

"थोरले कोण?"

"सगळ्यांत मोठा नर. मीच म्हणते तसं. आणि कळपाच्या पुढे एक म्हातारी मादी असते, ती मावशी. तिनं पाऊल टाकल्याशिवाय कुणी रस्ता ओलांडत नाही." काकू जरा ओशाळल्या. "एकोणीस वर्षं त्याच खिडकीत बसते मी. दुसरं बघायचं काय?"

"मला कधी बोलली नाहीस ते."

"तुम्ही कधी विचारलंत?"

 काका वाकून पायातले बूट काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं की त्या दोन पाट्या मी उतरवतो, साचाही मागवू नका, आठच्या आठ मी हातानं काढीन, पण आधी मला हरीण बघू द्या. मॅडमनी विचारलं, किती दिवस? काका म्हणाले, दिसेल तोवर.

तिसऱ्या दिवसापासून काका पहाटे काकूंबरोबर इस्पितळाच्या गाडीत बसायला लागले. जंगलाच्या मध्यावर एक वळण होतं आणि वळणावर ओढ्याची मोरी. तिथं ड्रायव्हर त्यांना उतरवी. मोरीच्या कठड्याआड वही घेऊन बसायचं आणि आठाच्या बसनं वर्कशॉपला जायचं, असा बेत. गाडीतल्या बायकांना मोठी गंमत वाटली. एक म्हणाली, "काकू, पन्नाशी उलटल्यावर शिंगं मोडून वासरांत शिरले का तुमचे?" काकू म्हणाल्या, "सध्या तो मोसमच आहे बाई."

पाच दिवस काका तिथं बसले आणि पाच दिवस एकही हरीण दिसलं नाही. गाडी मात्र पुढे गेली की काकूंना अर्ध्या किलोमीटरवर कळप दिसे. सहाव्या दिवशी काका चिडले. "मला बघूनच पळतात ती."

"बघून नाही," काकू म्हणाल्या. "वासानं. तुमच्या अंगाला टर्पेंटाइन येतं. हरणांचं काय घेऊन बसलात, लग्नानंतर वर्षभर मीसुद्धा लांब सरकून बसत होते."

त्यांनी काकांचा एक जुना कोट नुसत्या धुण्याच्या सोड्यात दोनदा उकळला, दोन दिवस वाऱ्यावर टांगला, आणि रंगाच्या खोलीत तो नेऊ नका म्हणून ताकीद दिली. तोंडाला साबण लावायची बंदी झाली. "वारा तोंडावर आला पाहिजे," त्यांनी शिकवलं. "पाठीवर आला तर उठून दुसऱ्या बाजूला जायचं. आणि हलायचं नाही. त्यांना उभा माणूस दिसत नाही, हललेला दिसतो."

पुढच्या सोमवारी मावशी आली. आधी नुसते कान दिसले, झुडपांच्या वर, दोन. मग बराच वेळ काहीच नाही. मग ती पुरती बाहेर आली आणि काकांना पहिली गोष्ट जाणवली ती ही की जनावर वाटलं होतं त्यापेक्षा किती करडं आहे, किती मळकं. थंडीतले दाट केस झडायला लागले होते, अंगावर जुन्या गोधडीसारखे पुंजके लोंबत होते. तिनं एक पाय उचलला, तसाच अधांतरी धरला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि टेकवला. मागून अकरा जणी ओळीनं गेल्या. सगळ्यांत शेवटी, अंतर राखून, एक भला थोरला बोडका नर. डोक्यावर शिंगांच्या जागी दोन लालसर खुणा. मोठ्या कामावरून निवृत्त झालेल्या माणसासारखा तो खाली बघत गेला. काकांनी वही उघडलीच नव्हती. ती उघडायची असते हे त्यांना नंतर आठवलं.

दुपारी काकू घरी आल्या तेव्हा काका रजा टाकून घरीच बसले होते.

"दिसले?"

"दिसले," काका म्हणाले. "थोरले पण."

त्या दिवशी दोघं बराच वेळ बोलत बसली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात असं बोलणं झालं नव्हतं.

मग तो नेमच झाला. उन्हाळा चढत गेला तशी करडे केस झडून गेले आणि हरणं तांबूस झाली, नव्या विटेसारखी. थोरल्यांच्या डोक्यावर दोन गुठळ्या आल्या, त्यांच्या फांद्या झाल्या. काकूंनी आधीच सांगितलं होतं की वाढतं शिंग हाडासारखं कोरडं नसतं, त्यावर लव असते, आत रक्त खेळत असतं, हात लावला तर गरम लागेल. म्हणून नर त्या दिवसांत कुणाशी भांडत नाही, झुडपातून जातानाही डोकं सांभाळून जातो, नव्या बांगड्या भरलेल्या बाईसारखा. काकांच्या वहीची पानं भरत चालली. पहिल्या पानांवरची हरणं अजून जरा बोकडांच्या नात्यातली होती, पण विसाव्या पानापासून पुढे नातं तुटलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक प्रसंग घडला. काका नेहमीसारखे मोरीवर उतरले तेव्हा रस्त्याकडेच्या उंच गवतात त्यांना काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं दिसलं. पाडस होतं, फार तर दोन दिवसांचं. अंगावर पांढरे ठिपके, जणू झाडातून गाळून आलेलं ऊन. मान जमिनीला चिकटवून ते असं पडलं होतं की श्वास नसता तर दगड वाटला असता. आई कुठे दिसेना. काकांचा हात पुढे झाला, आणि तेवढ्यात काकूंचं बोलणं आठवून मागे आला. पाडसाला अंगचा वास नसतो, म्हणून आई त्याला गवतात ठेवून लांब जाते, दिवसातून चार वेळा पाजायला येते. तिचा वास त्याच्याजवळ राहू नये म्हणून. माणसानं हात लावला तर माणसाचा वास मागे राहतो, आणि त्या वासावर कोल्हा येतो.

काका मागे सरकले आणि तेव्हाच त्यांना यंत्राचा आवाज आला. त्यांच्याच खात्याचं गवत कापायचं यंत्र, रस्त्याच्या कडेनं, पानं उडवत येत होतं. पाडस उठून पळालं नसतं. जितका आवाज मोठा तितकं ते जास्त घट्ट पडून राहिलं असतं, ती त्याची एकच विद्या.

काका आयुष्यात कुणाच्या वाटेत आले नव्हते. ते जाऊन यंत्रासमोर उभे राहिले.

यंत्रवाल्यानं इंजिन बंद केलं. "काका, काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"इथून पुढे कापू नकोस."

"का?"

काकांनी बोट दाखवलं. त्याला दिसेना. दिसलं तेव्हा तो म्हणाला, "आई टाकून गेलेली दिसते. उचलून नेऊ या, इस्पितळात कुणी दूध पाजील."

"टाकून नाही गेली. कामावर गेलीय," काका म्हणाले. "येईल."

"कधी?"

"ते मला ठाऊक नाही. पण ती येईपर्यंत मी इथून हलत नाही."

यंत्रवाल्यानं डोकं खाजवलं. कापायचं काम त्याला संध्याकाळपर्यंत संपवायचं होतं. पण बाणकाका हटून बसलेत हे दृश्य त्यानं आजवर बघितलं नव्हतं, त्यामुळे त्याचा अर्धा राग आश्चर्यातच जिरला. त्यानं यंत्र दोनशे पावलं मागे घेतलं आणि स्वतःही झाडाखाली येऊन बसला. दोघांनी डब्यातला पाव वाटून खाल्ला. दुपारी काकूंची गाडी परतीला लागली. काकूंना खिडकीतून मोरीपाशी आपला नवरा, यंत्रवाला आणि बंद करून ठेवलेलं यंत्र दिसलं. त्यांनी गाडी थांबवली नाही. नुसतं बोट ओठांवर ठेवून गेल्या.

ऊन कलल्यावर मादी आली. झाडीच्या कडेला ती इतका वेळ उभी राहिली की यंत्रवाल्याच्या पायाला मुंग्या आल्या. मग ती उतरली आणि तिनं एक बारीक आवाज काढला. ठिपक्यांचा दगड चार पायांवर उभा राहिला, धडपडला, आणि दूध प्यायला लागला. यंत्रवाला कुजबुजला, "काका, मी दहा वर्षं कापतोय इथलं गवत."  दुसऱ्या दिवशी त्यानंच मॅडमकडे जाऊन जंगलातलं गवत महिनाभर उशिरा कापावं असं सांगितलं, आणि ते मान्य झालं.

पानगळीच्या तोंडाला आठही पाट्या तयार झाल्या. थोरल्यांच्या शिंगांवरची लव फाटून लोंबायला लागली होती, ती त्यांनी झाडांच्या खोडांवर घासून घासून काढली, आणि आतून झळझळीत, टोकदार शिंगं निघाली, एका बाजूला सहा टोकं, दुसऱ्या बाजूला सात. काकांनी पाटीवरही सहा आणि सातच काढली. मान उंच, कान आडवे, एक पुढचा पाय अधांतरी. लोक गाड्या थांबवून पाटीचे फोटो काढायला लागले. तो बोकडवाला ट्रकवाला मुद्दाम वर्कशॉपला येऊन सांगून गेला, "आता बाजार नाही, आता दरबार." त्या महिन्यात काकांची चाल बदलली.

आणि मग पहिल्या थंडीच्या धुक्यात, पहाटे पावणेसहाला, त्याच मोरीच्या वळणावर अपघात झाला. काका त्या दिवशी गाडीत नव्हते. एक मादी धावत रस्त्यावर आली, तिच्यामागे मान खाली घालून, जगाची शुद्ध नसलेले थोरले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, गाडी घसरली आणि चराला जाऊन टेकली. हरणांना लागलं नाही. बायकांना मुका मार बसला. काकूंचा उजवा हात मनगटात मोडला.

काका इस्पितळात पोचले तेव्हा काकू पलंगावर पडून होत्या, हाताला पांढरं प्लास्टर. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "ही चादर परवा मीच धुतली होती."

 बाहेर ड्रायव्हर डोकं धरून बसला होता. काका त्याच्याकडे गेले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून तो भलत्याच ठिकाणी चढला. "पाटी होती ना तिथं? एवढी मोठी पाटी काढली मी, आणि तुला दिसली नाही?"

"होती काका," ड्रायव्हर म्हणाला. "पहिले आठ दिवस तर मी रोज बघायचो. सुंदर आहे. पण रोज असते ना ती. रोज असते म्हणून दिसेनाशी झाली."

 वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. काका परत येऊन पलंगापाशी बसले. मग म्हणाले, "वर्षभर राबलो, आणि शेवटी तुझाच हात मोडला. त्या थोरल्याला तरी अक्कल नको?"

"त्यांच्यावर चिडू नका," काकू म्हणाल्या. "या दिवसांत त्यांना कसलंच भान नसतं. माजावर आले की महिनाभर खाणं नाही, झोप नाही. मान बघा कशी सुजल्यासारखी होते, मानेला आयाळ येते. सकाळ-संध्याकाळ नुसत्या डरकाळ्या फोडत असतात. एरवी मावशीच्या आज्ञेत वागणारी ती सगळी या पाच आठवड्यांत रस्ता बघत नाहीत. आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तीन-चार आठवडे, पाडसं असतात तेव्हा. बाकी वर्षभर ती आपल्यापेक्षा शहाणी असतात."

"म्हणजे पाटी वर्षभर नकोच?"

काकूंनी थोडा विचार केला. "जी बाई रोज दारात उभी राहून हाक मारते, तिला कोण ओ देतं? कधी नव्हे ती हाक मारली, तर माणूस हातातलं टाकून धावतो."

काकांनी खिशातली वही काढली. पलंगाच्या कडेवर टेकवून त्यांनी तिथंच एक पाटी काढली, मधोमध उभी चिरलेली, दोन्ही अंगांना बिजागऱ्या, कपाटाच्या दारांसारखी मिटणारी. मिटली की नुसता राखाडी पत्रा. उघडली की हरीण. काकू बघून म्हणाल्या, "कडी बाहेरून नको. वाऱ्यानं वाजेल, ती बिचकतील." काकांनी कडी आतून केली.

मॅडमनी कागद दोनदा उलटून बघितला. "कल्पना चांगली आहे काका. वरून प्रयोग म्हणून एका वर्षापुरती परवानगी मी काढते. पण एक सांगा, उघडायची कधी आणि मिटायची कधी? तारीख लिहावी लागेल मला."

"तारखेवर नाही चालत ती. एखाद्या वर्षी थंडी लवकर येते, एखाद्या वर्षी उशिरा."

"मग ठरवणार कोण?"

"माझी बायको," काका म्हणाले.

मॅडम हसल्या. काका हसत नाहीत हे बघून थांबल्या. मग त्यांनी विचारलं, त्या कशावरून ठरवतात? काकांनी सांगितलं. शिंगांची लव कधी गळली, माना कधी जाड झाल्या, माद्या कधी एकत्र आल्या, आणि शेवटी पहिली डरकाळी. ती ऐकू आली की त्याच दिवशी पाट्या उघडायच्या. मॅडमनी परवानगीच्या अर्जात लिहिलं, 'स्थानिक अनुभवी निरीक्षकाच्या सूचनेनुसार'. काकूंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हा कोण निरीक्षक?"

परवानगी आल्यापासून नवव्या दिवशी पाट्या उभ्या राहिल्या. प्रत्येक पाटीसाठी काकांनी मोसमाप्रमाणे बदलता येतील अशी दोन चित्रं केली होती. पानगळीसाठी थोरले, पण दरबारातले नव्हेत, तर त्या पहाटेसारखे, मान खाली, आयाळ फुललेली, धावत. ती बघून पायाला आपोआप ब्रेक आठवे. उन्हाळ्याच्या पाटीवर मादी अर्धी रस्त्यावर आलेली आणि तिच्या मागे, जरा अंतरावर, एक ठिपक्यांचं पाडस, मागे राहिलेलं. मॅडम म्हणाल्या की ही दुसरी बघून आपल्याला उगीचच रस्त्यावर उतरून उभं राहावंसं वाटतं.

प्लास्टर निघाल्यावर काकू पुन्हा आपल्या खिडकीत बसायला लागल्या. घड्या घालायला मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं, म्हणून त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवलं. ते त्यांना आवडलं नाही, पण हळूहळू पचलं. पुढच्या पानगळीत एका सकाळी वर्कशॉपच्या फोनवर त्यांचा आवाज आला, "ऐकलं आज. ओढ्याच्या पलीकडून." एवढंच. काका जीप घेऊन निघाले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठही पाट्या उघडून आले. त्या मोसमात तीन हरणं गेली. आदल्या वर्षी त्याच दिवसांत नऊ गेली होती. तीन हा आकडा काकांना खुपत राहिला, पण मॅडमनी तो मोठ्या अक्षरांत वर पाठवला, आणि परवानगी कायमची झाली.

काका निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. मावशीनंतर तिची कुणी मुलगी असावी अशी एक मादी कळपाच्या पुढे चालते. थोरले एका थंडीनंतर दिसले नाहीत. काकूंनी दोन आठवडे वाट बघितली आणि मग घरी सांगितलं, आता ते यायचे नाहीत. त्या संध्याकाळी काका अंगणात जाऊन उगीचच कुंपणाच्या खिळ्यांवर हातोडा मारत बसले. नव्या मोठ्या नराला दोघांनी अजून नाव दिलेलं नाही. काकू म्हणतात, आधी वागणूक बघू.

धुलाई विभागातल्या तरुण बायका आता काकूंच्या खिडकीसाठी आपसांत भांडतात, आणि काकू निवृत्त व्हायच्या आत त्यांतल्या दोघींना डरकाळी ओळखता यायला लागली आहे. काका अजून पहाटे गाडीत चढतात. ड्रायव्हर विचारतो, "काका, आता कशाला? पाट्या तर झाल्या." काका काकूंच्या शेजारी, आतल्या बाजूला बसतात, कारण खिडकी त्यांची नाही. मोरीचं वळण आलं की काकू कोपरानं त्यांना हळूच डिवचतात आणि ते मान लांब करून बघतात.